केदुगू ते माली: सेनेगल-गिनी सीमेवरची घाटवाट, मोटरसायकलवर आणि पायी

रत्नागिरीच्या सड्यावर एप्रिलच्या उन्हात चाललेल्या माणसाला पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी देशातलं फुता जालोनचं पठार परकं वाटत नाही. तोच तांबडा जांभा, तीच मधूनमधून झुडपं, पावसाळ्यात हिरवंगार आणि होळीच्या सुमाराला करपून गेलेलं गवत. आपण ज्याला सडा म्हणतो, त्याला तिथले फुलानी लोक त्यांच्या पुलार भाषेत ‘बोवाल’ म्हणतात. या पठाराची उत्तरेकडची कड सेनेगलच्या सखल प्रदेशात उतरते. आपल्याकडे देशावरून कोकणात उतरतात, तशा इथेही पायवाटा उतरतात. गुरं, बाजाराला निघालेल्या बाया आणि शाळेत जाणारी मुलं त्याच वाटा वापरतात. दोन देशांची सीमा त्या वाटांवरच कुठेतरी येते आणि बहुतेक ठिकाणी तिची काहीच खूण नसते.

सेनेगलच्या आग्नेय कोपऱ्यातल्या केदुगूहून दिंदेफेलो आणि सेगू ही पायथ्याची गावं, तिथून पायी वर, आणि मग गिनीतल्या माली या डोंगरमाथ्यावरच्या गावी. हा लेख या वाटेबद्दल आहे. पाठीवर सॅक घेऊन सह्याद्रीतल्या दोन-तीन दिवसांच्या घाटवाटा केलेल्या कुणालाही ती जमेल. जीव खाते ती अवघड चढण नाही, तर कागदपत्रं, उष्मा, पाणी आणि घाई.

आधी नावांचा गोंधळ मिटवा

गिनीतलं माली हे गाव आणि माली हा देश यांचा एकमेकांशी संबंध नाही. सेनेगलमधलं सेगू हे खेडं आणि माली देशातलं नायजर नदीकाठचं सेगू हे मोठं शहर यांचाही नाही. पण फोनच्या नकाशावर ‘सेगू ते माली’ टाकलंत, तर तो तुम्हाला हजारभर किलोमीटर भलतीकडे नेऊ पाहील. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तपासणी नाक्यावर “मी मालीला चाललोय” असं म्हणू नका. शिपायाच्या डोळ्यांपुढे युद्ध चालू असलेला देश येतो आणि पुढचा अर्धा तास खुलाशात जातो. ‘माली-व्हील’ म्हणा, किंवा सरळ ‘लाबेला, गिनीत’ म्हणा (लाबे हे मालीच्या पुढचं गिनीतलं मोठं शहर). घरच्यांनाही निघण्यापूर्वी हे नीट समजावून सांगा. विमा घेताना अर्जात गिनी लिहिलंय, गिनी-बिसाऊ किंवा इक्वेटोरियल गिनी नाही, हे दोनदा तपासा.

माली देश मात्र खरोखर टाळायचा आहे. १ जुलै २०२५ रोजी त्या देशाच्या पश्चिम भागात जिहादी गटाने एकाच दिवशी अनेक ठिकाणी हल्ले केले. त्यांत सेनेगलच्या किदिरा नाक्याच्या अगदी समोरचं दिबोलीही होतं. आपली वाट तिथून बरीच दक्षिणेला आहे, पण परिस्थिती सरकत राहते. म्हणून निघायच्या आठवड्यात ताजी माहिती घ्याच. सेनेगलची राजधानी डाकार आणि गिनीची राजधानी कोनाक्री, दोन्हीकडे भारतीय दूतावास आहेत. तुमचा मार्ग आणि तारखा तिथे ईमेलने कळवून ठेवा. केदुगूच्या पूर्वेला फालेमे नदीच्या बाजूला सोन्याच्या हाती खाणी आहेत. तिकडे कुतूहलानेसुद्धा वळू नका. त्या जागी अनोळखी माणसाकडे संशयाने पाहिलं जातं आणि कॅमेरा काढला तर नक्कीच.

केव्हा जायचं

नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत. जून ते ऑक्टोबर पाऊस असतो. ओढे भरतात, लाल मातीचा चिखल होतो आणि मोटरसायकल ढकलावी लागते. नोव्हेंबरात झरे वाहते असतात, दिंदेफेलोचा धबधबा भरलेला असतो आणि हवा स्वच्छ असते. डिसेंबरच्या शेवटापासून सहाराकडून हरमाटन वारा सुरू होतो. मग आकाश दुधी होतं, लांबचं दिसत नाही आणि ओठ फुटतात. मार्च ते मे केदुगूत पारा चाळिशीपार असतो. तेव्हा पायी चढण्याचा विचार करू नका.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. खाली केदुगूत घामाघूम झालेला माणूस वर मालीत रात्री कुडकुडतो. ते गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १,४०० मीटरवर आहे आणि डिसेंबर-जानेवारीच्या रात्री तिथे महाबळेश्वरसारखी थंडी पडते. हलकं जॅकेट आणि कानटोपी लागतेच.

कागद: हे घरीच पुरं करायचं

पीतज्वराची लस ही पहिली पायरी. ती सरकारमान्य केंद्रावरच घ्यावी लागते, पिवळ्या पुस्तिकेत शिक्का मिळतो आणि प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून लागू होतं. जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं, म्हणून जुनं असेल तर परत टोचून घेऊ नका. सेनेगल आणि गिनी हे दोन्ही देश भारताच्या पीतज्वर यादीत आहेत. पुस्तिका नसेल तर परतताना मुंबईच्या विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. केंद्रांवर ठरावीक वारीच लस देतात आणि गर्दी असते. दोन महिने आधी नाव घाला.

व्हिसासाठी दोन्ही देशांचे दिल्लीतले दूतावास गाठा. त्यांना एकच प्रश्न स्पष्ट विचारा आणि उत्तर लेखी घ्या: हा व्हिसा जमिनीवरच्या सीमेवर चालेल का, आणि कोणत्या नाक्यावर? विमानतळापुरता दिलेला व्हिसा डोंगरातल्या चौकीवर उपयोगी पडत नाही. ही सीमा अचानक बंदही होते. इबोलाच्या साथीत, ऑगस्ट २०१४ मध्ये, सेनेगलने ती बंद केली. सप्टेंबर २०२० मध्ये निवडणुकीच्या तोंडावर गिनीने केली. म्हणून परतीचं तिकीट कोनाक्रीहून काढलंत, तरी डाकारला माघारी येण्याइतके पैसे आणि सेनेगलमध्ये पुन्हा प्रवेश देणारा व्हिसा हाताशी ठेवा.

पासपोर्ट, व्हिसा आणि पिवळ्या पुस्तिकेच्या पहिल्या पानाच्या दहा-दहा झेरॉक्स न्या. प्रत्येक नाक्यावर एकेक देता येते आणि मूळ पासपोर्ट दर वेळी हातातून जात नाही. आयुष्यात फ्रेंच बोलला नसाल, तर महिनाभर रोज वीस मिनिटं त्यासाठी काढा. नावगाव, कुठून आलात, कुठे चाललात आणि आकडे, एवढं आलं तरी पुरतं. इंग्रजी या वाटेवर चालत नाही.

औषधं

केदुगूचा पट्टा सेनेगलमधल्या सर्वाधिक मलेरियाच्या भागांपैकी आहे आणि तो फाल्सिपेरम, म्हणजे जीवघेणा प्रकार. आपल्याकडे मलेरिया होऊन बरा झालाय, म्हणून आता प्रतिकारशक्ती आहे, असं मानू नका. डॉक्टरांशी बोलून प्रतिबंधक गोळ्या ठरवा. अटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल रोज घ्यायची असते, एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर सात दिवस. डॉक्सिसायक्लिन स्वस्त पडते, पण परतल्यावर चार आठवडे चालू ठेवावी लागते आणि तिने कातडी उन्हाला हळवी होते. मोटरसायकलच्या मागे दिवसभर बसणाऱ्याने हे ध्यानात घ्यावं. मच्छरदाणी आपली न्या, पातळ आणि चार कोपऱ्यांना दोरी बांधता येईल अशी.

मेंदूज्वर आणि रेबीज यांच्या लसींबद्दल डॉक्टरांना विचारा. कुत्रा चावला तर इंजेक्शन मिळणारं ठिकाण एक-दोन दिवसांच्या अंतरावर असू शकतं, म्हणून मी रेबीजची लस आधीच घेणाऱ्यांच्या बाजूचा आहे. ओआरएसची वीस पाकिटं, जखमेचं सामान, क्लोरीनच्या गोळ्या किंवा पाण्याचा फिल्टर. संथ पाण्याच्या डोहात उतरू नका. गोगलगायींतून पसरणारा शिस्टोसोमा नावाचा कृमी कातडीतून आत शिरतो.

पैसे

सेनेगलमध्ये सीएफए फ्रँक चालतो. त्याचा भाव युरोशी बांधलेला आहे: एका युरोला ६५५.९५७. गिनीचा फ्रँक वेगळा आहे. गिनीने २८ सप्टेंबर १९५८ च्या मतदानात फ्रेंच समुदायात राहायला ‘नाही’ म्हटलं आणि २ ऑक्टोबरला स्वातंत्र्य घेतलं. १ मार्च १९६० पासून तिने आपलं चलनही निराळं केलं. स्वातंत्र्यापर्यंत ही सीमा एकाच फ्रेंच वसाहती कारभारातल्या दोन प्रांतांमधली रेघ होती. म्हणूनच एकाच कुटुंबातला एक भाऊ आज सेनेगलचा आणि दुसरा गिनीचा असतो, शेतं दोन्हीकडे असतात आणि नोटा मात्र वेगळ्या.

रुपये कुणी घेणार नाही. युरो न्या, छोट्या आणि कोऱ्या नोटा. केदुगूत एटीएम आहे, पण त्याच्या भरवशावर राहू नका. डाकार किंवा वाटेतल्या तांबाकुंदा शहरातच पैसे काढा. लाबे येईपर्यंत पुढे एटीएम नाही असं धरून चला. गिनीची सगळ्यात मोठी नोट वीस हजारांची असते आणि तिची किंमत दोन-अडीच डॉलर. त्यामुळे शंभर युरो बदलले की हातात पुडकं येतं. बाजारात पुडकं मोजत बसू नका. दुकानाच्या आत, बसून, दोनदा मोजा. पैसे तीन ठिकाणी ठेवा आणि त्यातले एका दिवसाचेच खिशात.

केदुगूपर्यंत

मुंबईहून आदिस अबाबामार्गे किंवा दुबईमार्गे डाकार गाठता येतं. लांब पल्ल्याच्या गाड्या डाकारजवळच्या पिकीन इथल्या बो मारेशे स्थानकावरून सुटतात. केदुगू सुमारे ७०० किलोमीटरवर आहे. रात्रीचा प्रवास टाळा. जानेवारी २०२३ मध्ये काफ्रीनजवळ दोन बसांची रात्री टक्कर होऊन सुमारे ४० माणसं गेली. तांबाकुंदात मुक्काम करून दोन दिवसांत जाणं केव्हाही चांगलं. दुसऱ्या दिवशीचा रस्ता निओकोलो-कोबा राष्ट्रीय उद्यानातून जातो. खिडकीशी बसलात तर बबून आणि रानडुकरं दिसतात.

केदुगूत एक पूर्ण दिवस थांबा. हा दिवस वाचवायचा मोह होतो. मी तो वाचवला आणि नंतर दीड दिवस भरला, कारण देश सोडल्याचा शिक्का न घेताच पायथ्याच्या गावी पोचलो आणि परत यावं लागलं. चूक माझीच होती. शिक्का सीमारेषेवरच मिळतो, असं मी गृहीत धरलं होतं. इथे सीमारेषेवर टेबल मांडून कुणी बसलेलं नसतं. त्यामुळे केदुगूच्या पोलिसांकडे जाऊन आधी विचारा: पायी सेगूवरून गिनीत जायचंय, बाहेर पडल्याचा शिक्का कुठे घ्यायचा? ते सांगतील तिथेच घ्या, आणि शिक्क्यावरची तारीख तिथल्या तिथे वाचा.

याच दिवशी स्थानिक सिमकार्ड घ्या, ऑफलाइन नकाशे उतरवून ठेवा, कोला नट्स घ्या (त्याबद्दल पुढे येतंच) आणि वाटाड्याची चौकशी करा. संध्याकाळी नदीवर जा. ती गांबिया. ती लाबेच्या बाजूला फुता जालोनच्या डोंगरात उगम पावते. तुम्ही पुढचे चार दिवस तिच्या माहेराकडे चाललेले असता.

मोटरसायकल: मागे बसायची कला

सेनेगलमध्ये मोटरसायकल टॅक्सीला ‘जकार्ता’ म्हणतात, गिनीत ‘ताक्सी-मोतो’. पश्चिम आफ्रिकेत पुण्याच्या बजाजची बॉक्सर आणि टीव्हीएसच्या गाड्या भरपूर आहेत. तुम्ही भारतातले म्हटल्यावर चालक खुश होऊन टाकी थोपटून दाखवतो. तुम्हीही दोन शब्द गाडीबद्दल बोला. पुढच्या तीन तासांच्या दोस्तीची सुरुवात तिथूनच होते.

स्वतः भाड्याने घेऊन चालवावी का? आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढता येतो, पण मी नको म्हणेन. सीमा ओलांडायची तर गाडीचे स्वतंत्र कागद लागतात. शिवाय चढावरच्या सुट्या दगडांत कुठे पहिला गिअर आणि कुठे दुसरा, हे त्या वाटेवर वाढलेल्या मुलाइतकं तुम्हाला कळणार नाही. वाटेत पायी टप्पा असला की गाडीचं करायचं काय, हाही प्रश्न उरतोच.

हेल्मेट घरून न्या, तोंडापर्यंत झाकणारं आयएसआयचं. तिथे मागे बसणाऱ्याला हेल्मेट मिळत नाही आणि पडण्याची सगळ्यात जास्त शक्यता इथेच आहे. बारीक लाल धुळीसाठी चष्मा आणि नाकातोंडावर सुती पंचा. पूर्ण पँट हवीच. सायलेन्सर उजवीकडे असतो आणि उतरताना उजव्या पोटरीला चटका बसलेला प्रवासी या भागात दर दुसरा भेटतो. नेहमी डावीकडून उतरा. त्या हवामानात भाजलेली जखम चिघळायला दोन दिवस पुरतात.

निघण्यापूर्वी गाडीभोवती एक चक्कर मारा. मागच्या टायरची नक्षी, दोन्ही ब्रेक, चेनचा ढिलेपणा. जादा ट्यूब, पंप आणि क्लच केबल चालकाकडे आहे का, ते विचारा. नसेल तर दुसरी गाडी बघा. यात भीड नको. भाडं ठरवताना चार गोष्टी तोंडाने बोलून घ्या: पेट्रोल कुणाचं, सामानाचे पैसे त्यातच का, नेमकं कुठपर्यंत, आणि वाटेत गाडी बिघडली तर काय. पैसे पोचल्यावर द्यायचे, पेट्रोलपुरते आगाऊ. पंप केदुगूत आहे. पुढे पेट्रोल टपऱ्यांवर काचेच्या बाटल्यांत मिळतं.

सॅक पाठीवर घेऊन बसू नका. खड्ड्यात तिचं वजन तुम्हाला मागे ओढतं आणि तासाभरात कंबर मोडते. ती आडवी करून कॅरिअरवर, जुन्या ट्यूबच्या रबरी पट्ट्यांनी बांधायची. तो बांधतो तसं बांधू द्या आणि दहा किलोमीटरवर एकदा थांबून पाहा. एकूण सामान दहा-बारा किलोच्या वर जाऊ देऊ नका. चढावर, रेतीत आणि ओढ्यात उतरून चाला. तो सांगायची वाट पाहू नका, स्वतः उतरा. चालकाच्या मनात तुमच्याबद्दलचा आदर तिथेच वाढतो. पहाटे निघा आणि काही झालं तरी अंधार पडल्यावर मोटरसायकलवर बसू नका. बिनदिव्याच्या गाड्या, गुरं आणि तुटलेल्या कडा यांतलं काहीच दिसत नाही.

दिंदेफेलो केदुगूहून साधारण ३५ किलोमीटर आहे, लाल कच्च्या रस्त्याने. दीड-दोन तास धरा. इथे एक रात्र राहावंच. गावकऱ्यांनी चालवलेल्या साध्या झोपड्यांत सोय होते. सुमारे शंभर मीटर उंचीचा धबधबा अर्ध्या तासावर आहे. २०१० मध्ये इथे गावकऱ्यांचं राखीव वन झालं आणि त्यात अतिसंकटग्रस्त पश्चिमी चिंपांझी आहेत. ते दिसले तर दुरून पाहा. सर्दी-खोकला असेल तर जाऊच नका, माणसाचे आजार त्यांना लागतात. हा फुलानी, बेदिक आणि बासारी लोकांचा प्रदेश २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे. हाताशी एक दिवस जास्त असेल, तर बांदाफासीजवळच्या टेकडीवरचं इवोल हे बेदिक गाव पाहून या.

पायी चढ

इथे मी रेंगाळणार आहे, कारण या वाटेचा जीव इथे आहे.

पहिलं म्हणजे वाटाड्या घ्या. जीपीएस आहे, नकाशा आहे, सह्याद्रीत पन्नास घाटवाटा झाल्यात, तरीही घ्या. पायथ्याच्या जंगलात ढोरवाटांचं जाळं आहे आणि कोरड्या ऋतूत गावकरी गवत पेटवतात, त्यात मळलेली वाट दिसेनाशी होते. त्याहून मोठं कारण असं की वाटाड्याबरोबर आलेला माणूस हा कुणाचा तरी पाहुणा असतो. एकटा आला तर तो कोण, हे प्रत्येक गावात नव्याने ठरतं. वाटाड्या सेगूच्या गावप्रमुखाला विचारून ठरवा. त्याचे परतीच्या दिवसाचे पैसेही धरा, त्याला तेवढंच अंतर उलट चालायचं असतं. सामान वाहायला दुसरा माणूस घेतलात तर बारा किलोपेक्षा जास्त देऊ नका.

पहाटे साडेपाचला निघा. पहिला तासभर सपाटी, मग चढ. खडक वालुकाश्माचा आहे, पायऱ्यापायऱ्यांचा. पकड चांगली मिळते, पण पालापाचोळ्याखाली सुटे दगड असतात. चढ सरळ नाही. एक टप्पा चढला की लहानसं पठार, मग पुढचा टप्पा. दहाच्या आत मोठा चढ संपवायचा, अकरा ते तीन सावलीत बसायचं आणि उरलेलं ऊन उतरल्यावर. दिवस पुरा लागतो. मालीपर्यंत एकूण उंची हजार मीटरांहून जास्त चढायची असते, पण त्यातला मोठा भाग पठारावरचं गाव गाठल्यावर पुन्हा मोटरसायकलने जातो.

पाणी माणशी चार लिटर घेऊन निघा. वाटाड्याला आदल्या रात्री विचारा, वाटेत पाणवठा कुठे आणि या महिन्यात त्यात पाणी आहे का. “पाणी आहे” हे उत्तर पुरं नाही, “काल कुणी पाहिलं?” हा प्रश्न विचारा. फिल्टर न करता एक घोटही नको.

बोवालवर पोचलात की डोक्यावर टोपी आणि पायांकडे लक्ष. जांभ्याच्या उघड्या कातळावर वाट उमटत नाही. आपल्या सड्यांवर गुरवांनी आणि गुराख्यांनी दगडांच्या लगोरी रचलेल्या असतात, तशा खुणा इथे क्वचितच. वाटाड्याच्या मागे राहा. रात्री नैसर्गिक विधीसाठी बाहेर पडताना टॉर्च आणि बूट, फुरसं आपल्याकडे जसं दगडाआड बसतं तसंच त्याचं भावंड इथेही बसतं.

गावात शिरताना

वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाशी आधी रामराम, मग बाकीचं. पुलारमध्ये ‘ओन जारामा’ म्हणतात. हा आदरार्थी प्रकार आहे, आपल्या ‘तुम्ही’सारखा. एकेरीला ‘आ जारामा’, तो मुलांसाठी ठेवा. समोरचा विचारतो ‘ताना आला तोन?’, म्हणजे तिकडे काही वाईट नाही ना. उत्तर ‘जम तुन’, नुसतं क्षेम. मग घरच्यांचं, गुरांचं, वाटेचं, आणि प्रत्येकाला जम तुन. या विचारपुशीत दोन मिनिटं जातात. ती गाळून “वाट कुठे?” विचारलं की उत्तर मिळतं, पण वाट मिळत नाही. माझा अनुभव असा की पूर्ण विचारपूस झाली, की म्हातारा उठून स्वतः वळणापर्यंत सोडायला येतो.

मुक्कामाच्या गावी प्रथम गावप्रमुखाकडे जा. दोन्ही हातांनी, किंवा उजव्या हाताने, दहा कोला नट्स द्या. ही चवीला कडू बी इथे सुपारीसारखी मानाची आहे. लग्न, बारसं, समेट, कुठल्याही प्रसंगी तीच लागते. मुलांना चॉकलेटं वाटू नका. फोटो विचारून काढा, पोलीस, पूल आणि चौकी यांचे कधीच नाही. ड्रोन घरी ठेवा. फुता जालोन हा अठराव्या शतकापासूनचा मुस्लिम प्रदेश आहे, १८९६ साली फ्रेंचांनी जिंकेपर्यंत इथे इमामांचं राज्य होतं. दारूचा विषय काढू नका आणि पाय झाकणारे कपडे घाला, बाईने आणि पुरुषानेही. एकटीने जाणाऱ्या मैत्रिणींना मी घरातल्या बायकांच्या अंगणात मुक्काम मागायला सांगेन. तो मिळतो.

शाकाहारी माणसाची आबाळ होत नाही, पण स्पष्ट सांगावं लागतं. भातावरच्या पालेभाजीच्या कालवणात बहुधा सुकी मासळी असते. त्याऐवजी ‘लाचिरी ए कोसाम’ मागा: मक्याच्या वाफवलेल्या कण्या आणि वर घट्ट दही. आपल्या दही-कण्यांत आणि यात फक्त धान्याचा फरक आहे. दुसरं म्हणजे फोनिओ, वरईच्या दाण्याहूनही बारीक. पाहुण्याला हे खास करून वाढतात. शेंगदाणे, केळी आणि बाजाराच्या दिवशी पाव मिळतात.

आणि तो बाजाराचा दिवस आधी विचारून ठेवा. पुलारमध्ये आठवडी बाजाराला ‘लुमो’ म्हणतात. एरवी जिथे दिवसभरात एखादं वाहन मिळत नाही, तिथे लुमोच्या दिवशी मोटरसायकली आणि ट्रक येतात. पठारावरच्या गावातून मालीपर्यंत जायचा तोच खात्रीचा दिवस. लुमो धरून मागे मोजत आपला केदुगूहून निघायचा वार ठरवा.

गिनीचा शिक्का

वर पहिली चौकी लागेल तिथे स्वतःहून जा. बोलावण्याची वाट पाहू नका, लपून पुढे तर मुळीच जाऊ नका. हस्तांदोलन, विचारपूस, झेरॉक्स पुढे. तिथे शिक्का नसेल तर ते मालीला पाठवतात. पोचल्याच्या दिवशीच तिथल्या पोलिसांकडे हजेरी लावा, दुसऱ्या दिवशी नाही. कुणी फी मागितली तर हसतमुखाने बसून राहा आणि पावती मागा, फ्रेंचमध्ये ‘रेस्यू’. वेळ तुमच्याकडे आहे हे दिसलं, की बहुतेक वेळा मागणी विरते. आवाज चढवणाऱ्याचं काम मात्र कधीच होत नाही.

माली गावात दोन रात्री ठेवा. फुता जालोनचा सर्वोच्च डोंगर लुरा इथेच आहे, १,५०० मीटरांहून थोडा अधिक, म्हणजे कळसूबाईहून जेमतेम कमी. त्याच्या कड्यात बाईच्या चेहऱ्यासारखा दिसणारा खडक आहे, ‘दाम द माली’. स्वच्छ सकाळी त्या कडेवरून तुम्ही चढून आलात तो सगळा मुलूख खाली पसरलेला दिसतो.

लाबे आणि परत

लाबे सुमारे १२० किलोमीटर आहे. भाड्याच्या मोटारी माणसं भरली की सुटतात, सकाळी सात वाजता जाऊन बसा आणि दुपारची तयारी ठेवा. लाबेत एटीएम, औषधांची दुकानं आणि कोनाक्रीच्या गाड्या आहेत. पुढे चालायचा दम उरला असेल तर पिताजवळच्या दुकीच्या घळी बघा. उरला नसेल तर दोन दिवस झोपा.

घरी परतल्यावर तीन महिन्यांत केव्हाही ताप आला, तरी त्याच दिवशी रक्त तपासा आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, “मी पश्चिम आफ्रिकेतून आलोय, फाल्सिपेरम तपासा.” पुण्यामुंबईत पावसाळ्यात ताप म्हटलं की आधी डेंग्यूचा विचार होतो आणि त्यात दोन दिवस जाऊ शकतात. फाल्सिपेरम तेवढे दिवस देईलच असं नाही. गोळ्या नियमाने घेतल्या असल्या तरी तपासा, आणि पहिली चाचणी नकारात्मक आली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा.